जुनी मोटार : हौस आणि हिशेब

जुन्या घराच्या फडताळांत एखादे वेळीं एक शिवराई सांपडते. काळवंडलेली, कडांना झिजलेली, परंतु अक्षरें अजून लागतील अशी. घरांतील कोणी उत्साही मनुष्य ती चिंचेनें घासतो, राखेनें पुसतो आणि लखलखीत करून नाण्यांच्या जाणकारापुढें मोठ्या अभिमानानें ठेवतो. जाणकार तिच्याकडे क्षणभर पाहतो आणि हळहळतो. घरच्यांनीं जो काळपट थर मळ समजून घासून काढला, तोच त्या नाण्याच्या वयाचा दाखला होता. तांबें तेंच राहिलें, वजनही जवळजवळ तेंच राहिलें. पण संग्राहकाच्या लेखीं मोल मात्र उतरलें. श्रम झाले आणि त्या श्रमांनींच नुकसान केलें.

जुन्या मोटारींच्या शौकांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडत असते. फरक एवढाच कीं चिंच घरांत असते आणि मोटार उजळण्यास लाखो रुपये लागतात. तीसचाळीस वर्षें उभी असलेली एखादी गाडी घ्यावी, तिचा सांगाडा उघडा करून पत्र्यापासून रंगापर्यंत सर्व कांहीं नवें करावें, आणि मग केलेल्या खर्चाहून अधिक किंमत येईल अशी आशा धरावी, हा या शौकांतला नेहमींचा क्रम. ही आशा बहुधा फळास येत नाहीं. ती कां येत नाहीं, क्वचित् येते ती कोठें येते, आणि ज्याला हा शौक सोडवत नाहीं त्यानें आपला हिशेब कसा ठेवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या आशेचें मूळ वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या मोठमोठ्या आकड्यांत आहे. २०२२ सालीं मर्सिडीझ-बेन्झ कंपनीनें आपल्या संग्रहांतील १९५५ सालची एक मोटार विकली. तिला १३ कोटी ५० लक्ष युरो मिळाले. २०१८ सालीं अमेरिकेंत १९६२ सालची एक फेरारी २५० जी. टी. ओ. लिलावांत ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांना गेली. असे आकडे वाचले म्हणजे इमारतीच्या मागें ताडपत्रीखालीं उभी असलेली काकांची फियाट वाचकाला एकदम आठवते, आणि आपल्या घरांतही एखादें गुप्तधन असावें असा भास होऊं लागतो. परंतु त्या जातीच्या मर्सिडीझ मोटारी जगांत दोनच बांधल्या गेल्या, आणि जी. टी. ओ. अवघ्या ३६. त्यांची किंमत त्यांच्या रंगरंगोटीची नव्हे. जवाहिऱ्याच्या पेढीवरील हिऱ्याच्या भावावरून वाण्याच्या दुकानांतील खडीसाखरेचा भाव ठरवावा, तसाच हा प्रकार होय.

येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. मोटार सुधारण्यास किती खर्च येईल हें तिच्या आजच्या अवस्थेवरून ठरतें; ती किती पैशांना विकली जाईल हें मात्र मुख्यतः तिच्या जातकुळीवरून ठरतें. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणाऱ्या कारागिराला त्या पत्र्यावर कोणत्या कारखान्याचें नांव आहे याच्याशीं कर्तव्य नसतें. त्याची मजुरी वेळावर चालते. इंग्लंडांतील जॅग्वार ई-टाईप या प्रसिद्ध मोटारीचें उदाहरण यास फार बोलकें आहे. १९६१ पासून १९७४ पर्यंत या मोटारी निघाल्या आणि त्यांची संख्या ७२ हजारांवर गेली. त्यांपैकीं आरंभींच्या, उघड्या, दोन आसनी गाड्यांना संग्राहकांत मोठा मान. १९६६ पासून निघालेल्या, मागें लहान आसनें असलेल्या लांबट गाड्यांना त्या मानानें पुष्कळ कमी. परंतु दोघींना लागणारा गंज सारखाच, दोघींचें सहा सिलिंडरांचें इंजिन एकाच घराण्याचें, आणि दोघींच्या रंगास लागणारे दिवसही जवळजवळ तेवढेच. खर्च समान आणि किंमत असमान, ही या व्यवहाराची मूळ अडचण आहे. जो अंतर न ओळखतां दोघींवर सारखाच हात सैल सोडतो, तो एकीवर कदाचित् तरेल. दुसरीवर खात्रीनें बुडेल.

ज्या मोटारी विपुल निघाल्या त्यांच्या बाबतींत हें अधिकच खरें. इंग्लंडचीच एम. जी. बी. ही लहान क्रीडामोटार १९६२ पासून १९८० पर्यंत पांच लाखांहून अधिक संख्येनें बांधली गेली. तिच्यावर प्रेम करणारे लोक इतके आहेत कीं १९८८ पासून तिचा संबंध सांगाडा जुन्याच साच्यांवर काढून नवा विकला जाऊं लागला. कोणाही हौशी मनुष्यास वाटावें कीं आतां काम सोपें झालें. आणि तें खरोखरच सोपें झालें. पण स्वस्त झालें नाहीं. नवा सांगाडा, त्यावर रंग, नव्या गाद्या, उलगडून पुन्हा बांधलेलें इंजिन आणि कारागिरांची मजुरी यांची बेरीज मांडली, तर ती दुसऱ्या कोणीं आधींच नीट करून ठेवलेल्या एम. जी. बी. च्या बाजारभावापलीकडे सहज जाते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण मोटारी निघण्यापूर्वींची असली, तरी मोटारींना ती चपखल बसते.

मुंबईपुण्याकडे या गोष्टीचें घरगुती रूप म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जी गाडी पुढें पद्मिनी या नांवानें ओळखली गेली, ती मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनीं पाहिली. तिच्या आधींच्या, पाठीला गोलाई असलेल्या फियाटला लोक लाडानें डुक्कर फियाट म्हणत. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या रंगांत धांवणाऱ्या पद्मिनी टॅक्सींचा काळ २०२३ च्या ऑक्टोबरांत संपला. कारण शेवटची नोंदलेली टॅक्सी २००३ सालची, आणि टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा वीस वर्षांची. वस्तु डोळ्यांआड होऊं लागली म्हणजे तिची ओढ वाढते, तसें पद्मिनीचें झालें.

अशा वेळीं एक गृहस्थ कल्पनेंत आणावा. नोकरींतून नुकताच निवृत्त झालेला, वडिलांच्या फियाटमध्यें मागच्या आसनावर बसून महाबळेश्वर पाहिलेला. ती गाडी पूर्वींच विकली गेली. आतां भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातीं आले आहेत आणि तशीच एक गाडी दीड लाखास मिळत आहे. तो ती घेतो. पत्राकाम आणि रंग यांस अडीच लाख लागतात. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांस सव्वा लाख. गाद्या, कांचांचीं रबरें आणि क्रोमचें काम यांस आणखी सव्वा लाख. वायरिंग आणि किरकोळ बाबींस पन्नास हजार. बेरीज सात लाख झाली. आणि त्याच वेळीं तशीच, चांगल्या स्थितींतील तयार गाडी दुसरा एकजण चार लाखांना द्यावयास बसलेला आहे. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येक गांवीं व प्रत्येक गाडीस ते निराळे पडतील. परंतु त्यांचें एकमेकांशीं असलेलें नातें मात्र बहुतेक ठिकाणीं असेंच आढळतें.

सात लाख खर्च करण्याचा त्या गृहस्थाचा विचार पहिल्या दिवशीं नव्हता. तो तीन लाखांचा अंदाज घेऊन निघाला होता. परंतु घर आणि लग्न यांच्याप्रमाणेंच मोटारीचा अंदाज कागदावर एक असतो आणि प्रत्यक्षांत दुसरा. जुना रंग खरवडल्यावांचून गंज कोठवर गेला आहे तें कळत नाहीं. ज्या जागीं पत्रा शाबूत दिसत होता, तेथें पूर्वींच्या मिस्त्रीनें लांबी भरून वरून रंग ओढलेला निघतो. तळाचा पत्रा बदलावयाचा म्हणून बैठकी काढाव्या, तों बैठकींच्या आंतलें काथ्याकाम हातांत येतें. इंजिन बाहेर काढलेंच आहे, तर क्लचही पाहून घ्यावा. एका दाराचें हँडल क्रोमसाठीं पाठविलेंच आहे, तर बंपरही पाठवावा. असें एकेक पाऊल शहाणपणाचें वाटतें, आणि सर्व पावलें मिळून माणूस कोठें येऊन पोंचला हें बिलें एकत्र पाहिल्याखेरीज उमगत नाहीं. निम्म्यावर आल्यावर थांबणें तर त्याहून कठीण. सुटी केलेली गाडी ही विक्रीच्या दृष्टीनें सर्वांत वाईट स्थिति होय. म्हणून घातलेले पैसे वांचविण्यासाठीं आणखी पैसे घालावे लागतात.

विकत घेणाराच्या बाजूनें पाहिलें तर त्याचें वागणें अगदीं स्वाभाविक आहे. मिस्त्रीनें किती महिने घेतले, रबरांसाठीं चोरबाजाराच्या किती फेऱ्या झाल्या, एका दिव्याच्या कांचेसाठीं कोणत्या गांवीं जावें लागलें, याचे पैसे तो देत नाहीं. त्याच्यापुढें प्रश्न एकच असतो : हीच गाडी दुसरीकडे केवढ्यास मिळेल? अमेरिकेंतील हॅगर्टी ही जुन्या मोटारींचा विमा उतरणारी संस्था किंमती सांगतांना गाड्यांच्या चार श्रेणी मानते. पहिली प्रदर्शनांत बक्षिसास पात्र, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली आणि चौथी चालती पण उणीवा स्पष्ट दिसणारी. चौथीवरून तिसरीवर येण्यास जो खर्च होतो, तो चोखंदळपणें केला तर कांहीं अंशीं भरून येतो. तिसरीवरून दुसरीवर जाण्याचा खर्च सामान्य गाडीच्या बाबतींत वाढलेल्या किंमतीहून मोठा होतो. आणि दुसरीवरून पहिलीवर जाणें म्हणजे शेवटच्या चार पायऱ्यांसाठीं सारा डोंगर पुन्हा चढणें होय. सर्वांत महाग काम हें सर्वांत शेवटचें असतें, आणि तें सर्वांत कमी लोकांच्या नजरेस पडतें.

येथवर जें सांगितलें तें खर्च भरून न येण्याविषयीं. परंतु याहून दुःखाची गोष्ट पुढेंच आहे. कांहीं वेळां खर्चानें किंमत केवळ वाढत नाहीं असें नव्हे, तर ती घटते. महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या देवळांत काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांवर जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं ऑइल पेंटचे जाड थर चढविलेले दिसतात. भक्ति खरी असते, वर्गणी खरी असते. पण छिन्नीची रेघ त्या रंगाखालीं बुजून जाते. मोटारींच्या बाबतींत तोच अपराध अतिशय सफाईनें केला जातो. पन्नास वर्षांपूर्वींचा कारखान्यांतील रंग आजच्या रंगाहून पातळ व मऊ झळाळीचा असे. आज त्यावर आरशासारखा जाड थर चढवितात. जे भाग मूळचे साध्या काळ्या रंगाचे होते, त्यांनाही क्रोमचा मुलामा देतात. मूळ कापडाच्या गाद्या काढून चामड्याच्या घालतात. अमेरिकेंत कॉर्व्हेट मोटारींच्या जीर्णोद्धारकांची एक संस्था १९७४ पासून गाड्यांची परीक्षा घेत आली आहे. तिची कसोटी अशी कीं, गाडी कारखान्यांतून बाहेर पडली त्या वेळीं जशी होती तशीच असावी. कारखान्याहून अधिक चकचकीत केलेल्या भागाचे तेथें गुण कापले जातात. मालकानें ज्यासाठीं अधिक पैसे मोजले, त्यासाठींच तो गुण गमावतो.

मूळपणाला बाजारांत किती मान आहे याचा एक विलक्षण देखावा २०१५ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें दिसला. फ्रान्सच्या पश्चिम भागांतील एका जुन्या वाडींतून, पडक्या छपराखालीं व बंद खोल्यांत अनेक दशकें पडून राहिलेल्या ५९ मोटारी लिलावास आल्या. त्यांत १९६१ सालची एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर होती. तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. ती न धुतां, न पुसतां, धुळीसकट मांडली गेली आणि सुमारे १ कोटी ६३ लक्ष युरोंना विकली गेली. लिलाव करणारांनीं बांधलेल्या अंदाजाहून हा आकडा पुष्कळ वर होता. ती गाडी जातीची दुर्मिळ होती हें खरेंच. धूळ म्हणजे कांहीं सोनें नव्हे. परंतु तिला कोणींही आधीं हात लावलेला नाहीं, याची ती धूळ साक्षीदार होती, आणि त्या साक्षीचे पैसे पडले. पुढें २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील सुप्रसिद्ध मोटार-प्रदर्शनांत सर्वश्रेष्ठ गाडीचा मान १९३४ सालच्या एका बुगाटीला मिळाला. ही मोटार एके काळीं बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती, आणि तिचा जुना रंग खपल्या धरलेल्या अवस्थेंत तसाच राखलेला होता. १९५० पासून चालत आलेल्या त्या प्रदर्शनांत, उजळून नवी न केलेली, केवळ जतन केलेली गाडी जतनाच्या वर्गांतून येऊन सर्वांवर मात करते, असें तोंपर्यंत घडलें नव्हतें. झळाळीच्या त्या माहेरघरींच झळाळीचा पराभव झाला.

जाणकारांच्या संस्थांनीं हा विचार नियमांतही उतरविला आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या, फिवा या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें ट्यूरिनच्या नांवाची एक सनद संमत केली आहे. जतन, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार हीं निराळीं कामें आहेत, आणि जेवढ्यानें भागेल तेवढाच हस्तक्षेप करावा, असा तिचा आशय. भारतांतही २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम झाले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेलें, मूळ रूपांत राखलेलें, आणि शासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें दुचाकी वा चारचाकी वाहन त्यांत विंटेज मानलें आहे. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, आणि अशी गाडी नित्याच्या अगर धंद्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणावयाची नाहीं अशी अट. या व्याख्येंतील मूळ रूप या दोन शब्दांकडे मालकानें नीट लक्ष द्यावें. ज्यानें हौसेनें आधुनिक इंजिन बसविलें, वातानुकूलनासाठीं सांगाडा कापला, छप्पर काढून उघडी गाडी केली, त्यानें पैसे खर्चून आपल्या गाडीची ओळखच पुसून टाकली असें होण्याचा संभव आहे.

इंजिनाची गोष्ट तर आपल्याकडे विशेषच लागू पडते. १९७३ नंतर पेट्रोल महागलें, तेव्हां अनेकांनीं मोठमोठ्या अमेरिकन मोटारींचीं मूळ इंजिनें काढून तेथें डिझेल इंजिनें बसविलीं. त्या काळीं तो व्यवहार शहाणपणाचा होता. पण काढलेलें इंजिन भंगारांत गेलें, आणि आज त्याच गाड्यांना मूळ इंजिन नाहीं म्हणून ग्राहक किंमत पाडून मागतो. गाडीच्या अंगावरील क्रमांक आणि नोंदणीपुस्तकांतील क्रमांक जुळणें याला संग्राहक जें महत्त्व देतात, तें यामुळेंच. बाहेरचा रंग उद्यां पुन्हां देतां येईल. मूळचें क्रमांकाचें इंजिन मात्र एकदां गेलें म्हणजे कोणत्याही पैशानें परत येत नाहीं.

क्रमांकांइतकेंच महत्त्व कागदांना आहे. १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत एक गमतीचा पण उद्बोधक खटला चालला. ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० या दोन्ही सालीं जिंकणारी बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. घेणारा मागाहून म्हणूं लागला कीं, हिचे भाग इतक्या वेळां बदलले गेले आहेत कीं ही ती मोटारच नव्हे. न्यायाधीशांनीं तिचा आरंभापासूनचा इतिहास तपासला, तो कोठेंही तुटलेला नाहीं असें पाहिलें, आणि हीच ती मोटार असा निर्णय देऊन करार कायम केला. लोखंड बदललें होतें, पण वंशावळ अखंड होती. हा धडा लहान मालकालाही उपयोगी आहे. जुनें नोंदणीपुस्तक, पहिल्या खरेदीची पावती, आजोबा गाडीशेजारीं उभे असलेलें छायाचित्र, दुरुस्तीचीं बिलें, हें सर्व एका खोक्यांत जपून ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं. आणि विक्रीच्या वेळीं नव्या क्रोमच्या बंपरापेक्षां त्या खोक्याचा भाव कित्येकदां अधिक ठरतो.

आणखी एक शत्रु आहे तो काळ. संपूर्ण जीर्णोद्धारास दोनतीन वर्षें सहज लागतात, आणि तेवढ्यांत बाजाराचें वारें फिरूं शकतें. १९८० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंत जुन्या मोटारींवर सट्टा सुरू झाला. एंझो फेरारी १९८८ सालीं वारल्यावर त्यांच्या कारखान्याच्या गाड्यांचे भाव तर भडकलेच. अनेकांनीं कर्जें काढून मोडक्या गाड्या घेतल्या व कारागिरांकडे टाकल्या. १९९० च्या सुमारास तो फुगा फुटला. गाड्या तयार होऊन आल्या तेव्हां त्यांना घेणारे उरले नव्हते. ज्यांनीं शौक म्हणून गाडी केली होती, त्यांच्याजवळ निदान गाडी उरली. ज्यांनीं नफ्यासाठीं केली होती, त्यांच्याजवळ कर्ज उरलें.

मग जीर्णोद्धारांत पैसा कधींच परत येत नाहीं काय? येतो, पण तो ठराविक ठिकाणीं येतो. गाडी जातीनें दुर्मिळ आणि मागणीची असली, तर खर्चास जागा असते. इटलींतील मिल्ले मिलिया ही शर्यत १९२७ पासून १९५७ पर्यंत झाली; आज तिच्या स्मरणार्थ होणाऱ्या फेरींत त्या काळीं भाग घेतलेल्या जातींच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. लंडन ते ब्रायटन या फेरीस १९०५ पूर्वींची मोटार लागते. म्हणून १९०४ सालच्या गाडीला जो भाव येतो, तो तिच्याच १९०५ सालच्या बहिणीला येत नाहीं. अशा गाडीवर केलेला योग्य खर्च वाया जात नाहीं. दुसरें ठिकाण म्हणजे स्वतःचे हात. जो मालक पत्रा ठोकणें, वायरिंग करणें, गाद्या शिवणें स्वतः शिकतो, त्याची मजुरी बिलांत चढत नाहीं. आणि बिलांत सर्वांत जड भाग बहुधा मजुरीचाच असतो. या दोहोंखेरीज जो तिसरा माणूस नफ्यांत असतो, तो म्हणजे दुसऱ्यानें पूर्ण केलेली गाडी विकत घेणारा. पहिल्याचे अश्रु पुसले जाण्यापूर्वींच तो चावी घेऊन जातो.

यांतून निघणारे व्यवहाराचे नियम थोडे व साधे आहेत. ज्याला जुनी मोटार हवी आहे, त्यानें परवडेल तेवढी उत्तम अवस्थेंतील गाडी प्रथमच घ्यावी. स्वस्तांतली मोडकी गाडी हें विकतचें दुखणें आहे. घेण्यापूर्वीं तिचा तळ, दारांखालचे उंबरे आणि चाकांवरील कमानी एखाद्या जुन्या पत्राकारागिराकडून तपासून घ्याव्या, कारण इंजिनापेक्षां गंज अधिक खर्चिक. पैसे आधीं ब्रेक, स्टीअरिंग, टायर, पेट्रोलची नळी आणि वायरिंग यांवर लावावे. त्यांची किंमत विक्रींत दिसली नाहीं तरी तो खर्च जीव सांभाळण्याचा आहे व त्यास पर्याय नाहीं. जें पुसून, तेल देऊन, शिवून चालेल, तें बदलूं नये. जें बदलावेंच लागेल, त्याचा जुना भाग चिठ्ठी लावून ठेवावा. पुढच्या मालकाला तो अमोल वाटूं शकतो. रंग द्यावयाचाच तर कारखान्याच्या मूळ छटेंत द्यावा. आणि काम सुरू करण्यापूर्वीं, तयार गाडीचा आजचा बाजारभाव एका कागदावर लिहून तो कागद बिलांच्या फाईलींत सर्वांत वर लावावा. प्रत्येक नवें बिल लावतांना तो डोळ्यांसमोर येईल, आणि हात आपोआप आंखडेल.

आतां त्या निवृत्त गृहस्थाकडे परत यावें. त्याचे तीन लाख गेले, असें बाजार म्हणेल. परंतु तें पूर्ण सत्य नव्हे. रविवारीं सकाळीं ती गाडी इमारतीच्या आवारांतून बाहेर पडते, स्टीअरिंगवरील गिअरची दांडी त्याच्या हातांत येते, मागच्या आसनावर नातवंडें बसतात, आणि वडिलांच्या पिढीचा एक घाट तो पुन्हा चढतो. हौसेला मोल नाहीं असें मराठी माणूस म्हणतो, त्याचे अर्थ दोन आहेत. हौसेची किंमत करूं नये हा एक. आणि हौसेची किंमत बाजार देत नाहीं हा दुसरा. पहिला अर्थ जाणणारा मनुष्य तीन लाखांत सुख विकत घेतो. दुसरा अर्थ विसरणारा मनुष्य त्याच तीन लाखांत फसवणूक विकत घेतो, आणि ती त्याची त्यानेंच केलेली असते.

घरचा जमाखर्च लिहिणारी गृहिणी सणाचा खर्च आणि बँकेंतील ठेव एका रकान्यांत कधींच लिहीत नाहीं. पुरणपोळीवर व्याज येईल अशी तिची अपेक्षा नसते, आणि ठेवीची चव पाहण्याचा तिला मोह होत नाहीं. जुन्या मोटारीचें काम काढणारानें तिच्याकडून एवढीच रीत शिकावी. पहिला पाना बोल्टाला लागण्यापूर्वींच ही रक्कम कोणत्या खात्यावर मांडावयाची, हें त्यानें घरच्यांसह बसून ठरवावें. हौसेच्या खात्यावर मांडली, तर आपल्या ऐपतीपुरती मांडावी आणि मग तिचा परतावा मागूं नये. भांडवलाच्या खात्यावर मांडावयाची असेल, तर मात्र चिंच खालीं ठेवावी, आणि शिवराई आहे तशीच जपून ठेवावी.